बाग मागताना माळीही मागा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे मंडळाच्या कामाचा गौरव, जुन्या कार्यकर्त्यांची आठवण आणि शेवटी अल्पोपाहाराची सूचना, असा क्रम ठरलेला असतो. पहिल्या दोन गोष्टी आपल्या चिटणीसबाईंनी फार चांगल्या रीतीने पार पाडल्या आहेत आणि तिसरी मी त्यांच्यावरच सोपविते. मला आज बोलावयाचे आहे ते एका अर्जाविषयी. आपल्या भागात बागेसाठी राखून ठेवलेली जी मोकळी जागा आहे, तिथे बाग व्हावी आणि तिथून टेकडीवर जाणारी पायवाट नीट करून मिळावी, असा अर्ज महानगरपालिकेकडे पाठविण्याचे आपण मागच्या सभेत ठरविले. मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहावयास बसले आणि दोन ओळींवरच अडले. का अडले, ते सांगण्यासाठी मी उभी आहे.

आपले पुणे किती वाढले आहे, हे आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींना सांगावयास नको. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली, तेव्हा शहराची वस्ती पाच लाखांच्या आसपास होती. २०११ च्या शिरगणतीत ती एकतीस लाखांच्या वर गेली. १९९७ मध्ये आजूबाजूची गावे शहरात आली. पुढे २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. त्यांतली दोन २०२४ मध्ये पुन्हा वगळली गेली, तरी २०१७ पूर्वी सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर असलेले शहर आज जवळजवळ दुपटीचे झाले आहे. सारसबाग, संभाजी उद्यान, बंड गार्डन ही नावे सांगितली की पुण्याच्या बागा संपत, ते दिवस गेले. आज महानगरपालिकेच्या लहानमोठ्या बागा दोनशेच्या वर आहेत. त्याशिवाय वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगावचे वन आहे, आणि बाणेर-पाषाणच्या टेकड्या आहेतच. हे वैभव थोडे नव्हे. परंतु वैभव वाढले म्हणजे ते राखणारे हात आपोआप वाढतात, असा आपला जो समज आहे, तोच मला आज तपासून पाहावयाचा आहे.

आधी आपल्याच पदरातली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मंडळाने टेकडीवर वृक्षारोपण केले, ते आपल्याला आठवत असेल. जुलै महिना, बारीक पाऊस, सगळ्यांच्या अंगावर हिरव्या साड्या. एकावन्न रोपे लावली, फोटो काढले आणि गरम गरम भजी खाऊन घरी आलो. पाणी घालण्याच्या पाळ्याही लावल्या होत्या. दिवाळीपर्यंत पाळ्या नीट चालल्या. फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा आल्या, एप्रिलमध्ये कोणी माहेरी गेली, कोणी नातवाला सांभाळावयास गेली, आणि ज्या दोघी-तिघी राहिल्या त्यांच्याने पाण्याचे डबे घेऊन टेकडी चढवेना. पुढच्या जूनमध्ये मी वर जाऊन मोजली. हिरवी पाने असलेली रोपे नऊ निघाली.

यात कोणाला दोष द्यावयाचा? आपल्या हेतूत काही खोट नव्हती. पण पुण्यात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने रोपाला कोणीतरी पाणी घालावे लागते, आणि तेही एक उन्हाळा नव्हे, दोन-तीन उन्हाळे. लावणे हे एका सकाळचे काम आहे. जगविणे हे हजार दिवसांचे. सकाळचे काम हौसेने होते, हजार दिवसांचे काम हौसेने होत नाही. त्यासाठी ते काम ज्याचे आहे असा माणूस लागतो.

आता आपण बागेकडे येऊ. “बागेला एक माळी आणि एक रखवालदार दिला की झाले,” असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. म्हणून मी एक हिशेब मांडून पाहिला. घरखर्चाचा हिशेब आपण रोज करतो, तसलाच हा आहे. त्यात अवघड काही नाही.

समजा, दोन एकरांची साधी बाग आहे. रोज सकाळी वाटा झाडावयाच्या, पालापाचोळा गोळा करावयाचा: तीन तास. वाफ्यांना, हिरवळीला आणि झाडांच्या आळ्यांना पाणी: चार तास. खुरपणी, मेंदीच्या कुंपणाची कातरणी, सुकलेल्या फांद्यांची छाटणी, यांची रोजची सरासरी: पाच तास. स्वच्छतागृह दोन वेळा धुणे: दोन तास. झोपाळ्याच्या कड्या, घसरगुंडीचे पत्रे, नळ आणि बाके पाहून ठेवणे: एक तास. पाला खड्ड्यात टाकून त्याचे खत करणे: एक तास. एकूण सोळा तास झाले. आठ तासांच्या पाळीत जेवण, हत्यारे काढणे-ठेवणे सोडले, तर हातात खरे काम सात तासांचे येते. म्हणजे रोज दोन माणसे पुरत नाहीत, सव्वादोन लागतात.

पण हिशेब इथे संपत नाही. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. माणसाला आठवड्याची सुट्टी असते, त्याच बावन्न झाल्या. सणवार, आजारपण, हक्काची रजा मिळून आणखी तेहेतीस धरू. राहिले दोनशे ऐंशी. म्हणजे तीनशे पासष्ट दिवस एक माणूस जागेवर हवा असेल, तर एक नव्हे, एक पूर्णांक तीन दशांश माणसे नेमावी लागतात. सव्वादोनाला याने गुणा, तीन होतात. रखवालदाराचेही तसेच. दिवसरात्र फाटकावर कोणी असावे असे वाटत असेल, तर आठ तासांच्या तीन पाळ्या, आणि सुट्ट्या धरून चार माणसे. म्हणजे ज्या बागेला आपण दोन माणसे पुरेशी समजत होतो, तिला सात लागतात. माझे तास थोडे इकडे-तिकडे असतील. कुठे झाडे जास्त, कुठे हिरवळ जास्त. पण हिशेबाची रीत हीच आहे. बाग रविवारी बंद नसते. उलट रविवारीच तिच्यात गर्दी असते, आणि माळ्याचीही सुट्टी बहुधा त्याच दिवशी असते!

शिवाय प्रत्येक बागेचे काम सारखे नसते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर ते केलेले आहे. तिथली उतरती हिरवळ, कापून गोल केलेली झुडपे, ते वाहते पाणी, हे सारे एकदा करून ठेवावयाचे चित्र नव्हे. ते रोज हाताने पुन्हा काढावे लागते. पंधरा दिवस कात्री थांबली, तर जपान जाईल आणि रान येईल.

आता एका बाईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण त्यांना त्याचा त्रास व्हावयास नको. मी ज्या बागेत फिरावयास जाते, तिथे त्या नऊ वर्षे कामाला होत्या. सगळी मुले त्यांना मावशी म्हणत. नेमणूक ठेकेदारामार्फत. कोणता नळ अर्धाच फिरवावयाचा, कोणत्या वाफ्यात निशिगंधाचे कांदे निजलेले आहेत, कोणत्या बहाव्याला वाळवी लागते, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. कागदावर कुठेही नव्हते. एके वर्षी ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसे आणली आणि मावशींना एका संध्याकाळी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. नवी माणसे कष्टाळू होती, त्यांच्याविषयी मी काही वावगे बोलणार नाही. पण त्यांनी तो वाफा खणून त्यात दुसरे काही लावले. निशिगंध गेला. बहाव्याला वाळवी लागली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. आणि अडीच महिन्यांत तीही माणसे बदलली.

निशिगंधाचे दुःख मी गिळले असते. पण दुसरी एक गोष्ट झाली, ती मला गिळता आली नाही. मावशी असताना संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत बागेच्या मागच्या बाजूला बायका बसत. कोणी आजारी सासूला औषध देऊन घटकाभर टेकावयास येई, कोणी परीक्षेचे पुस्तक घेऊन येई. घरात जागा नाही, म्हणून बागेत अभ्यास करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कोणी टवाळ पोरगा तिथे घुटमळला, की मावशी हातातला खराटा जरा जोराने आपटीत; एवढे पुरे होई. मावशी गेल्या आणि महिन्याभरात ती मागची बाके रिकामी झाली. कोणी बंदी केली नव्हती. दिवे होते, बाके होती, फाटक उघडे होते. माणूस नव्हते. त्या दिवशी मला कळले, की माळीणबाई केवळ झाडांसाठी नसते. ती असते म्हणून बाग आपली असते. ती नसली, की बाग फक्त पुरुषांची आणि कुत्र्यांची उरते.

टेकडीवरच्या पायवाटांचे काम आणखी निराळे. तिथे रोजच्या झाडलोटीपेक्षा ऋतूचे पंचांग सांभाळावे लागते. मेअखेरीस वाटेवरून पाणी बाजूला काढणारे चर मोकळे केले नाहीत, तर पहिल्याच वळवाच्या पावसात पायवाटेचा ओढा होतो. मग माणसे बाजूने चालू लागतात, तिथले गवत मरते, आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. पावसाळा सरला, की माजलेली घाणेरी वाटेवरून काढावयाची. गवत वाळू लागले, की जाळरेषा घ्यावयाच्या. म्हणजे गवताचा पट्टा आधीच काढून टाकावयाचा, की आग लागली तर ती तिथे थांबावी. फेब्रुवारी ते मे वणव्याची राखण. एक विडीचे थोटूक आणि दुपारचा वारा, एवढ्याने दहा वर्षांची झाडे तासाभरात जातात. राखणदार जवळ असला, तर हिरव्या फांदीने झोडपून विझणारी आग, तो दूर असला म्हणजे बंबाच्याही आवाक्यात राहत नाही, कारण बंब टेकडी चढत नाही.

यात जाणकारही लागतो. एके काळी लवकर हिरवळ दिसावी म्हणून आपल्या टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. पळस, सालई, मोई ही इथली झाडे आणि टेकडीचे मूळचे गवत यांचे मोल तेव्हा कोणी फारसे केले नाही. आम्ही रोपे लावली, तेव्हाही आम्ही कोणाला विचारले नव्हते. कुठे लावावे, याइतकेच कुठे लावू नये हे ठाऊक असलेला माणूस पगारावर असणे ही चैन नव्हे. शहरातल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण राज्य शासनाने २०१५ मध्ये मान्य केले. ते नऊशेहून अधिक हेक्टरांचे आहे. आरक्षण म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग. त्या रंगाला पाणी घालणारे, त्याची आग विझविणारे कोण, हा प्रश्न नकाशा सोडवीत नाही.

मग शहरे बागा बांधतात आणि माणसे का नेमीत नाहीत? यात नुसता आळस नाही, रचनाच तशी आहे. बाग बांधणे हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, त्याची कोनशिला बसते, उद्घाटन होते. माळ्याचा पगार हा महसुली खर्च. तो दरमहा होतो आणि त्याची कोनशिला कुठेच बसत नाही. कायम पदे वाढवावयाची, तर आकृतिबंधाला शासनाची मंजुरी लागते. म्हणून बाग एका वर्षात होते आणि पद मात्र मागे राहते. मधली जागा ठेका भरून काढतो.

आणि भगिनींनो, आपणही या रचनेला हातभार लावतो. २००६-०७ पासून पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचवावयाची रीत सुरू झाली. आपल्या मंडळानेही अर्ज भरले आहेत. मी जुनी फाईल काढून पाहिली. आपण काय मागितले? बाके मागितली, दिवे मागितले, फरशी मागितली, एकदा कारंजे मागितले. माणूस एकदाही मागितला नाही.

एक दूरचे उदाहरण देते. न्यूयॉर्क शहराचे सेंट्रल पार्क जगप्रसिद्ध आहे. १९७० नंतरच्या दशकात त्या शहराचा पैसा आटला, बागेची माणसे कमी झाली आणि तिची अशी दुर्दशा झाली, की लोक तिथे जावयास भीत. १९८० मध्ये तिच्या देखभालीसाठी एक संस्था निघाली. तिने पुढे सबंध बागेचे एकोणपन्नास भाग पाडले आणि प्रत्येक भाग एकेका माळ्याच्या जबाबदारीवर दिला. त्या भागातले गवत वाळले, तर कोणाला विचारावयाचे हे ठरलेले. स्वयंसेवक तिथेही पुष्कळ आहेत, पण ते त्या माळ्याच्या हाताखाली काम करतात, त्याच्या ऐवजी नव्हे. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे मला मान्य आहे. देणग्यांवर चालणारी संस्था आपण उचलून आणावी, असेही मी म्हणत नाही. पण “या तुकड्याचा हा माळी” एवढी गोष्ट श्रीमंतीवर अवलंबून नाही.

आणि उदाहरणासाठी इतके दूर कशाला जावयास हवे? कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ मध्ये याच पुण्यात झाली. त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. ज्या बायकांकडे शहर पाहतही नव्हते, त्यांनी आपल्या कामाला नाव आणि ओळखपत्र मिळविले. बागकामाला असा मार्ग का नसावा? कायम पदे मिळावीत, हे पहिले मागणे. ती मिळेपर्यंत निदान ठेका बदलला तरी माणूस बदलू नये, पगार वेळेवर बँकेत जावा, भविष्यनिर्वाह निधी भरला जावा आणि तिला काम शिकविले जावे, एवढे तरी आपण मागू शकतो.

काही भगिनी म्हणतील, “अहो, मग आपण स्वयंसेवा करावयाची नाही का?” जरूर करावी. आठवड्यातून एक सकाळ टेकडीवर घाणेरी काढावयास जाऊ, कागद-प्लॅस्टिक वेचू, झाडांची नोंद ठेवू. मी स्वतः येईन. पण आपली मदत माळ्याचे पद वाचविण्याचे निमित्त होऊ नये. आपण फुकट झाडतो म्हणून एखाद्या मावशीची भाकरी जात असेल, तर ती सेवा नव्हे. आणखी कोणी म्हणेल, की एवढी माणसे मागितली तर बाग मिळणारच नाही. कदाचित मिळणार नाही. किंवा उशिरा मिळेल, लहान मिळेल. मला विचाराल, तर एक एकराची राखलेली बाग मला तीन एकरांच्या ओसाड बागेपेक्षा बरी वाटते. यावर आपले मतभेद होतील, हे मी जाणून आहे. आपल्या मुलांना खेळावयास आज जागा नाही, आणि ‘थांबा’ म्हणणे सोपे नाही. पण जी बाग दोन वर्षांत उकिरडा होते, ती पुढच्या बागेचीही वाट अडविते. लोक म्हणतात, इथे बाग टिकत नाही, त्यापेक्षा वाहनतळ करा.

म्हणून अर्जाचा जो मसुदा मी केला आहे, त्यात चार कलमे घातली आहेत. पहिले, बागेच्या खर्चाच्या अंदाजातच तिच्या माणसांची संख्या आणि वर्षाचा पगार दाखवावा. दुसरे, फाटकावर फळा असावा आणि त्यावर त्या बागेची जबाबदारी असलेल्या माळ्याचे व मुकादमाचे नाव असावे. तिसरे, पायवाटेसाठी चर, जाळरेषा आणि वणव्याची राखण यांचे वेळापत्रक व माणसे ठरवून द्यावीत. जिथे टेकडी वनखात्याची असेल, तिथे त्यांच्याशी बोलून ठरवावीत. चौथे, काम करणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, कपडे बदलावयास खोली, प्यावयाचे पाणी आणि स्वच्छतागृह त्याच आराखड्यात असावे. आपण पाच मिनिटे बसावयास बाक मागतो. आठ तास उन्हात राबणाऱ्या बाईला सावलीची खोली मागणे हे आधीचे कर्तव्य आहे.

मावशी परवा मंडईत भेटल्या. आता त्या एका गृहसंस्थेत जिने झाडतात. मी त्यांना या अर्जाविषयी सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बाई, बाग झाली तर मला सांगा. पण निशिगंध कुठं लावायचा ते मीच ठरवीन.” हे वाक्य अर्जात घालता येत नाही, पण अर्ज मी त्यासाठीच लिहिला आहे.

मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, खोडा, सुधारा, आणि पटला तर सही करा. न पटला, तर का पटला नाही ते मला अवश्य सांगा.